त्वचेतून शिरणारे विष : फवारणीचा गणिती हिशेब

विष म्हणजे पोटात जाणारी वस्तू, ही समजूत आपल्या समाजात इतकी दृढ आहे की, विषबाधा म्हटली म्हणजे ‘काय खाल्ले, काय प्यायले’ हाच पहिला प्रश्न विचारला जातो. कपाशीच्या किंवा तुरीच्या शेतात दिवसभर फवारणी करून परतलेल्या मजुरास सायंकाळी दरदरून घाम सुटतो, तोंडास लाळ येते, दृष्टी अंधुक होते. तेव्हाही घरची मंडळी त्याच्या शिदोरीकडे बोट दाखवितात. शिदोरीचा त्यात काही दोष नसतो. विष त्याच्या कातडीतून आत गेलेले असते. त्यात भर म्हणून आपल्याकडे कीटकनाशकास सर्रास ‘औषध’ म्हणतात. ‘औषध आणले’, ‘औषध मारले’ असे म्हणता म्हणता त्या वस्तूविषयीची स्वाभाविक भीती नाहीशी होते, हे या शब्दाचे खरे दुष्कार्य होय.

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. वाशिम जिल्ह्यास ही घटना परकी नव्हती. मानोरा आणि कारंजा हे तालुके यवतमाळला लागूनच आहेत. पीक तेच, पंप तेच आणि मजूरही पुष्कळदा सीमेपलीकडे कामास जाणारे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राज्य शासनाने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा व वाशिम या पाचही जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीस तात्पुरती मनाई केली. त्या वेळी झालेल्या चर्चेत एक आक्षेप वारंवार घेतला गेला : मजुरांनी हातमोजे व मुखपट्टी वापरली नाही. हा आक्षेप खोटा नव्हता, परंतु अपुरा होता. कोणत्या क्षणी, शरीराच्या कोणत्या भागातून व किती विष आत जाते, याचा हिशेब मांडल्यावाचून कोणती काळजी खरोखर उपयोगी आणि कोणती केवळ मनाच्या समाधानापुरती, हे ठरविता येत नाही. हा हिशेब मांडण्याचे एक शास्त्र आहे. ते अवघड वाटले तरी त्याचा गाभा सातवीच्या विद्यार्थ्याच्या गुणाकारापलीकडे जात नाही.

डब्यावरचा चौकोन काय सांगतो

कायद्याने त्वचेचा मार्ग फार पूर्वीच मान्य केला आहे. कीटकनाशके अधिनियम, १९६८ आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनुसार प्रत्येक डब्यावर कोनावर उभा असलेला एक चौकोन छापावा लागतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता दाखवितो. लाल रंग अत्यंत विषारी, पिवळा अतिविषारी, त्याखालोखाल निळा आणि शेवटी हिरवा. ही वर्गवारी करताना दोन आकडे पाहिले जातात : प्रयोगातील निम्मे प्राणी दगावतील अशी, शरीराच्या दर किलो वजनामागील मात्रा तोंडावाटे किती आणि त्वचेवाटे किती. लाल चौकोनासाठी तोंडावाटेची मात्रा १ ते ५० मिलिग्रॅम, तर त्वचेवाटेची १ ते २०० मिलिग्रॅम आहे. पिवळ्यासाठी हेच आकडे ५१ ते ५०० आणि २०१ ते २,००० असे आहेत.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहावे. वर्गवारीच्या वरच्या मर्यादा पाहिल्या तर त्वचेने दिलेले संरक्षण अवघे चौपट धरलेले दिसते. जे विष पन्नास मिलिग्रॅम पोटात गेल्याने घात करते, ते दोनशे मिलिग्रॅम अंगावर राहिल्यानेही करू शकते, असे नियमच गृहीत धरतो. कातडी ही भिंत नव्हे. ते हळू उघडणारे दार आहे.

कातडीची रचना

या दाराची जाडी ऐकून आश्चर्य वाटेल. त्वचा दोन-तीन मिलिमीटर जाडीची दिसत असली तरी रसायनास अडविण्याचे काम बहुतांशी तिच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थराकडे असते. त्यास शृंगस्तर म्हणतात. तळहात व तळपाय सोडल्यास त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापासून पन्नासाव्या हिश्शापर्यंत भरते. विटांची भिंत चुन्याने सांधावी तशी या थराची रचना असते : चपट्या मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. १९७५ साली अमेरिकेतील मायकेल्स, चंद्रशेखरन व शॉ या संशोधकांनी ‘वीट आणि चुना’ या कल्पनेवर त्वचेचे गणिती प्रारूप मांडले, आणि आजही या विषयाचा आरंभ त्याच चित्राने होतो. बाहेरील रेणू विटांना वळसा घालीत, चुन्याच्या वाटेने आत उतरतो. तो चुना स्निग्ध असल्यामुळे तेलात विरघळणाऱ्या द्रव्यांना वाट सोपी पडते व निव्वळ पाण्यात विरघळणाऱ्यांना अवघड.

मूळ नियम मात्र याहून पुष्कळ जुना आहे. ॲडॉल्फ फिक या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८५५ साली विसरणाचा नियम सांगितला. विसरण म्हणजे दाटीकडून विरळ जागेकडे पदार्थाने आपण होऊन पसरणे. पाण्यात टाकलेला निळीचा खडा ढवळल्याशिवायही सर्व पाणी निळे करतो ते याच रीतीने. फिक यांच्या म्हणण्याप्रमाणे हा प्रवाह दोन ठिकाणच्या संहतींतील, म्हणजे द्रावणाच्या दाटपणांतील, फरकाच्या प्रमाणात असतो. त्वचेच्या बाहेर विषाची संहती मोठी, आत रक्त ते सतत वाहून नेत असल्यामुळे जवळजवळ शून्य. म्हणून प्रवाह आतल्या दिशेने चालू राहतो. हे सूत्ररूपाने असे लिहिता येते :

शरीरात गेलेले विष = पार्यता गुणांक × संहती × भिजलेले क्षेत्रफळ × काळ

पार्यता गुणांक म्हणजे ते विशिष्ट रसायन त्वचेतून किती सुलभतेने जाते हे सांगणारी संख्या. ती रसायनाच्या स्वभावावर व त्वचेच्या अवस्थेवर अवलंबून असते. उरलेल्या तीन गोष्टी, म्हणजे द्रावण किती दाट, अंग किती भिजले आणि किती वेळ भिजलेले राहिले, या पुष्कळ अंशी माणसाच्या स्वाधीन आहेत. पहिली मात्र प्रयोगशाळेत मोजावी लागते किंवा गणिताने अंदाजावी लागते.

तो अंदाज बांधण्याचे सर्वांत प्रसिद्ध सूत्र रसेल पॉट्स व रिचर्ड गाय या दोन संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. मानवी त्वचेवर त्यापूर्वी झालेली नव्वदांवर द्रव्यांची मोजमापे त्यांनी हाताशी घेतली आणि दोनच गुणांवरून पार्यता सांगता येते असे दाखविले : द्रव्य पाण्यापेक्षा तेलात किती पट अधिक विरघळते, आणि त्याच्या रेणूचा भार किती. ताशी सेंटिमीटर या एककात पार्यता गुणांकाचा लॉगॅरिथम काढावयाचा तर तेल-पाणी विभाजन गुणांकाच्या लॉगॅरिथमला ०.७१ ने गुणावे, त्यातून रेणुभाराची ०.००६१ पट वजा करावी आणि आणखी २.७४ वजा करावेत. माध्यमिक शाळेतील गणित शिक्षकास हे फळ्यावर सहज करून दाखविता येईल. त्याचा अर्थ असा : तेलाची ओढ दहापट वाढली की त्वचेतून जाण्याचा वेग सुमारे पाचपट होतो; रेणुभार शंभराने वाढला की तो वेग चौथ्या हिश्शावर येतो. लहान आणि तेलकट रेणू सर्वांत चपळ.

हे सूत्र मुख्यतः औषधशास्त्राच्या गरजेतून वाढले, हेही येथे सांगितले पाहिजे. कातडीवर चिकटवावयाच्या पट्टीतून औषध ठरावीक वेगाने शरीरात सोडण्याची कल्पना १९७९ मध्ये अमेरिकेत प्रवासातील मळमळीवरील पट्टीच्या रूपाने प्रथम बाजारात आली. तेव्हापासून त्वचेतून किती आत जाईल हे आधी सांगता येणे, ही उद्योगाची निकड झाली. उपकार करण्यासाठी ज्या गणिताने मार्ग आखला, त्याच गणिताने अपकाराचेही माप घेता येते.

एका उदाहरणाचा हिशेब

उदाहरणासाठी मोनोक्रोटोफॉस घेऊ. हे द्रव्य आपल्या भागात अनेक वर्षे वापरात होते, आणि बिहारमधील सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतील माध्यान्ह भोजनात मिसळले गेल्यामुळे २३ बालकांचा त्याने बळी घेतला, हे शिक्षक बंधुभगिनींच्या स्मरणात असेल. २०२३ मध्ये केंद्र शासनाने त्याच्या ३६ टक्के द्राव प्रकारावर बंदीचा आदेश काढला. बंदी आलेले असले तरी त्याचे सर्व आकडे ज्ञात असल्यामुळे हिशेबास ते सोयीचे आहे.

त्याचा रेणुभार सुमारे २२३ असून ते तेलापेक्षा पाण्यात अधिक विरघळते. वरील सूत्रात हे घातले असता पार्यता गुणांक ताशी ०.००००५५ सेंटिमीटर येतो. संख्या अगदीच क्षुल्लक आहे. हे विष त्वचेतून जाणाऱ्यांमध्ये मंदगती म्हटले पाहिजे. आता समजा, एका लिटर पाण्यात दोन मिलिलिटर या प्रमाणात फवारा तयार केला. त्या पाण्याच्या दर घन सेंटिमीटरमध्ये ०.७२ मिलिग्रॅम विष असेल. पाठीवरचा पंप झाकणापाशी गळका आहे आणि मजुराची पाठ दहा तळहातांएवढी भिजली आहे. बोटांसह एक तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे शंभरावा हिस्सा, अर्थात १६० चौरस सेंटिमीटर. तेव्हा दहा तळहातांचे १,६०० झाले. सदरा सहा तास अंगावर ओला राहिला. चारही संख्यांचा गुणाकार केला असता शरीरात गेलेले विष सुमारे ०.३८ मिलिग्रॅम निघते.

हे अधिक की उणे? जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने अन्नातील अंशांसाठी एका दिवसाची निर्धोक मर्यादा दर किलो वजनामागे ०.००२ मिलिग्रॅम ठरविली आहे. पन्नास किलो वजनाच्या माणसास ती ०.१ मिलिग्रॅम पडते. म्हणजे मंदगती म्हटलेल्या विषाने, नियमाप्रमाणे पातळ केलेल्या पाण्यातूनही, केवळ ओल्या सदऱ्यावाटे ही मर्यादा जवळजवळ चौपट ओलांडली. एवढ्याने माणूस दगावत नाही. परंतु दुसऱ्या दिवशी व तिसऱ्या दिवशीही तोच पंप पाठीवर असतो, आणि या जातीच्या विषांनी शरीरातील कोलिनेस्टरेज नावाच्या ज्या द्रव्याचा नाश होतो ते पुन्हा भरून येण्यास दिवसच नव्हे तर आठवडे लागतात.

याहून महत्त्वाचा हिशेब पुढेच आहे. फवारा तयार करताना डब्यातील मूळ द्राव मनगटावर व हाताच्या पाठीवर सांडला असे धरू. फार नव्हे, तळहाताच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, सुमारे ५० चौरस सेंटिमीटर जागा भिजली. मूळ द्रावात दर घन सेंटिमीटरला ३६० मिलिग्रॅम विष असते, म्हणजे फवाऱ्याच्या पाचशेपट. हात न धुता मजूर तासभर कामास लागला, तर याच सूत्राने एका तासात सुमारे एक मिलिग्रॅम विष आत जाते. दिवसभर भिजलेल्या संपूर्ण पाठीतून जेवढे गेले त्याच्या अडीचपटीहून अधिक, आणि तेही एका लहानशा डागातून. मूळ द्रावाच्या बाबतीत हे सूत्र ढोबळ आहे, कारण ते पातळ जलीय द्रावणांसाठी बांधलेले आहे. तथापि पाचशेपट संहतीचा परिणाम कोणत्याही सूत्राने पुसला जात नाही.

संपूर्ण विषयातील सर्वांत उपयुक्त गोष्ट कोणती असे विचारल्यास प्रस्तुत लेखक याच तुलनेकडे बोट दाखवील. आपल्या प्रचाराचा बहुतेक भर शेतातील फवारणीवर असतो. चित्रांतही मुखपट्टी बांधून पिकातून चालणारा शेतकरी दाखविलेला असतो. बांधावर बसून बादलीत हाताने द्राव ढवळणारा, डब्याचे टोपण दाताने उघडणारा, टोपणानेच माप घेणारा माणूस चित्रात नसतो. गणिताच्या दृष्टीने मात्र दिवसातील सर्वांत धोक्याची ती पाच-दहा मिनिटे आहेत.

सर्वच विषे अशी मंदगती नसतात. यवतमाळच्या घटनेनंतर ज्या द्रव्यांची नावे पुढे आली त्यांत प्रोफेनोफॉस होते. त्याचा रेणू मोठा आहे, परंतु तेलाची ओढ फार मोठी असल्यामुळे वरील सूत्राने त्याचा पार्यता गुणांक मोनोक्रोटोफॉसच्या सुमारे अडीचशेपट येतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून द्रावकात मिसळून विकले जाते व पाण्यात टाकताच दूध सांडल्यासारखे पांढरे होते. ज्या डब्यातील द्राव पाण्यात दुधाळ होतो, त्याची स्निग्ध चुन्याशी मैत्री आहे असे खुशाल समजावे. त्यातील द्रावकही त्वचेचा चुना सैल करून इतर द्रव्यांना वाट मोकळी करून देतात.

अंगाचा कोणता भाग

सर्व अंगाची कातडी सारखी नसते. याचे उत्कृष्ट मोजमाप अमेरिकेतील डॉ. मैबाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केले. पॅराथिऑन या कीटकनाशकाचे किरणोत्सर्गी खूण असलेले सूक्ष्म प्रमाण स्वयंसेवकांच्या अंगावर निरनिराळ्या ठिकाणी लावून पुढे लघवीत उतरलेला अंश त्यांनी मोजला. कोपराखालील हातावर लावलेल्यापैकी सुमारे ९ टक्के शरीरात गेले. तळहातातून १२, पोटावरून १८, हाताच्या पाठीवरून २१, डोक्याच्या त्वचेतून ३२, कपाळावरून ३६ टक्के गेले. काखेतून ६४ टक्के, आणि अंडकोशाच्या त्वचेतून जवळजवळ सर्वच्या सर्व.

अशा विषयाचा उच्चार सभेत करण्याचा संकोच समजण्यासारखा आहे, परंतु तो बाजूस ठेवावा लागेल. पाठीवरच्या पंपातून गळणारे पाणी पाठीवरून कमरेकडे आणि तेथून जांघेत उतरते. शरीराचा जो भाग सर्वांत दुबळा, तेथेच ते जाऊन थांबते. घाम पुसण्यासाठी खांद्यावरचा दुपट्टा कपाळावर फिरविला जातो आणि तो दुपट्टा फवाऱ्याने ओला असतो. २०१७ मध्ये कपाशी डोक्याच्या उंचीपर्यंत वाढली होती. तशा पिकात फवारा वर मारावा लागतो आणि तो कपाळ, मान व काख यांवर परत येतो. नळी खालच्या दिशेस धरून फवारण्याच्या सवयीतून मिळणारे संरक्षण अशा पिकात उरत नाही.

त्यात उष्णतेची भर पडते. घामाने भिजलेला शृंगस्तर फुगतो आणि त्याची पार्यता कोरड्या त्वचेच्या काही पटींनी वाढते; ओले कापड अंगास चिकटून राहिले की हीच अवस्था तासन् तास टिकते. विदर्भातील ऑक्टोबरची दुपार कशी असते हे वाचकांस सांगावयास नको. जाड प्लॅस्टिकचा अंगरखा घाला असे सांगणे सोपे आहे. त्या उन्हात तो घालून अर्धा एकरही फवारता येत नाही, आणि म्हणून तो घातला जात नाही. ज्या सल्ल्याचे पालन होणे शक्य नाही तो देऊन आपण केवळ कागद पूर्ण करतो.

आणखी एक संख्या हिशेबात धरावी लागते, ती विलंबाची. अंगावर पडलेले विष लगेच रक्तात पोहोचत नाही. आधी शृंगस्तर त्याने भरतो, मग पलीकडे प्रवाह सुरू होतो. हा विलंब थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, आणि मोनोक्रोटोफॉसएवढ्या रेणूंसाठी तो ढोबळमानाने दोन तासांचा धरला जातो. यातून दोन गोष्टी निघतात. सांडल्याबरोबर साबणाने धुतल्यास वरचे विष निघून जाते व दार उघडण्यापूर्वीच बंद करता येते. उशिरा धुतल्यास मात्र थरात मुरलेले विष तसेच राहते आणि अंघोळीनंतरही काही तास आत झिरपत राहते. सायंकाळी घरी आलेला माणूस बरा दिसतो व रात्री अत्यवस्थ होतो, याचे एक कारण हे आहे. तेव्हा ‘आता बरे वाटते’ म्हणणाऱ्या रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रातून लगेच घरी पाठविणे इष्ट नाही.

हातमोजा हीदेखील एक त्वचाच

१९९६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका कॅरन वेटरहान यांच्या हातमोज्यावर डायमिथिल मर्क्युरी या पाऱ्याच्या संयुगाचे काही थेंब पडले. त्या या क्षेत्रातील नामवंत संशोधक होत्या व त्यांनी नियमाप्रमाणे रबरी मोजे घातले होते. पुढील जूनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. नंतर केलेल्या चाचणीत ते द्रव्य त्या प्रकारच्या पातळ मोज्यातून काही सेकंदांतच आरपार जाते असे आढळले. फिक यांचा नियम कातडी आणि रबर असा भेद करीत नाही. मोज्यालाही जाडी आहे, पार्यता आहे आणि विलंब आहे. फवारणीसाठी नायट्राइल रबराचे जाड मोजे सुचविले जातात ते याच कारणाने. सुती मोजा तर मोजा नसण्याहून वाईट. तो विष शोषून घेतो व पट्टीसारखे हातावर धरून ठेवतो.

शाळेत हे दाखविण्यास फारसे साहित्य लागत नाही. पातळ पॉलिथिनच्या पिशवीत भाताची पेज भरून तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी, औषधाच्या दुकानात मिळणारे टिंक्चर आयोडिन घातलेल्या पाण्यात सोडावी. पिशवीस कोठेही छिद्र नाही याची खात्री आधी साधे पाणी भरून करून घ्यावी. काही वेळाने पेज निळी-काळी पडू लागते. आयोडिन प्लॅस्टिकमधून आत गेलेले असते. पेजेतील पिष्ठ मात्र बाहेर येत नाही, कारण त्याचे रेणू फार मोठे. कोमट पाण्यात आणि गार पाण्यात हाच प्रयोग शेजारी शेजारी केल्यास ऑक्टोबरच्या उन्हाविषयी वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

पुण्यातील काम

या क्षेत्रात महाराष्ट्रातही संशोधन झाले आहे. पुण्याच्या टाटा संशोधन विकास व संरचना केंद्रातील बीना राय व त्यांच्या सहकाऱ्यांनी शृंगस्तरातील स्निग्ध थराचे, म्हणजेच त्या ‘चुन्याचे’, संगणकावर रेणूगणिक चित्र उभे केले आणि निरनिराळे रेणू त्यातून कसे व किती वेगाने जातात याची गणना २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. पॉट्स व गाय यांचे सूत्र अनुभवजन्य आहे. मोजलेल्या आकड्यांतून काढलेली ती सरळ रेषा होय. पुण्याच्या पद्धतीत रेणू एकमेकांस कसे ओढतात व ढकलतात येथून आरंभ होतो, आणि त्यातून मिळणारा विसरण गुणांक पुढे फिक यांच्या समीकरणात घालता येतो. अशा गणनेचा मोठा लाभ असा की, नवे द्रव्य माणसाच्या किंवा प्राण्याच्या अंगावर लावण्यापूर्वीच त्याच्याविषयी काही सांगता येते.

बंगळूरच्या एका शासकीय संशोधन संस्थेने दुसरी वाट धरली. विष कातडीत शिरण्यापूर्वीच, वरच्यावर त्याचे विघटन करणारा लेप तेथे तयार करण्यात आला व २०१८ मध्ये त्याचे उंदरांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे त्याच तत्त्वावर विघटन करणारे कापड विणून ‘किसान कवच’ या नावाचा पोशाख डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनातर्फे सादर झाला. सूत्राच्या भाषेत सांगावयाचे तर हे कापड त्वचेलगतची संहतीच शून्याकडे नेते. त्याची किंमत चार हजार रुपयांच्या घरात सांगितली गेली. रोजंदारीवरील मजुराने ती स्वतःच्या खिशातून द्यावी अशी अपेक्षा कोणी करू नये. ग्रामपंचायतीने किंवा शेतकरी गटाने असे काही संच ठेवून ते पाळीपाळीने वापरास देणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

सूत्राच्या मर्यादा

गणिताने सर्व काही सांगितले असा समज होऊ नये. वरील सूत्र एका द्रव्यासाठी व धडधाकट कातडीसाठी आहे. तुरीच्या खुंटाने खरचटलेल्या पोटरीस, खरूज झालेल्या हातास किंवा चुन्याने भाजलेल्या बोटास ते लागू होत नाही; तेथे दार नाहीच, उघडी चौकट आहे. आपल्याकडे दोन-तीन कीटकनाशके, त्यात एखादे टॉनिक आणि विद्राव्य खत असे एकत्र कालविण्याची रीत पडली आहे. अशा मिश्रणात एका द्रव्याचा द्रावक दुसऱ्याची पार्यता वाढवितो, व हिशेबातील पहिलीच संख्या हातची निसटते. लहान मुलांच्या बाबतीत वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ मोठे असल्याने तोच डाग अधिक घातक ठरतो. पाणी आणून देण्यास किंवा रिकामे डबे धुण्यास मुलांना पाठविणे म्हणूनच थांबले पाहिजे. फवारणीचे कपडे हाताने धुणाऱ्या स्त्रिया तर कोणत्याच गणनेत येत नाहीत. ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता, वेगळ्या बादलीत, साबणाने धुवावेत व धुणारीच्या हातांतही मोजे असावेत.

मर्यादा मान्य करूनही काही गोष्टी निश्चित होतात. मूळ द्राव हाताळतानाच मोजे, काठी व मापाचे भांडे अत्यावश्यक आहे, आणि तेथेच बादलीभर स्वच्छ पाणी व साबण असला पाहिजे. पंपाच्या झाकणातील घासलेली चकती ही किरकोळ दुरुस्तीची बाब आहे, परंतु तीमुळे भिजणारे क्षेत्रफळ दहा तळहातांचे असते. हंगामापूर्वी गावात पंप-तपासणीचा एक दिवस ठेवण्यास खर्च जवळजवळ नाही. रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा कृषी सहायकांच्या मदतीने तो घेता येईल. सदरा भिजताच बदलता यावा म्हणून दुसरा सदरा बांधावर असावा. साबण-पाण्याने अंग धुताना केस, कानामागचा भाग, काखा, जांघा व नखे यांकडे विशेष लक्ष द्यावे. रुग्णास दवाखान्यात नेताना डब्यावरील लेबल सोबत न्यावे, कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असेल, आणि अंगावरचे भिजलेले कपडे गाडीत बसविण्यापूर्वीच उतरवावेत.

एक सूचना आरोग्य व कृषी या दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांसाठी आहे. फवारणीतील विषबाधेची नोंद घेताना पुष्कळदा द्रव्याचे नाव व रुग्णाची अवस्था एवढेच लिहिले जाते. त्यात आणखी चार रकाने असावेत : द्राव मूळ होता की पातळ केलेला, अंगाचा कोणता भाग भिजला व अंदाजे किती तळहात, किती वाजता भिजला, आणि साबणाने किती वाजता धुतला. ही माहिती रुग्ण किंवा त्याचा सोबती दोन मिनिटांत सांगू शकतो. एका हंगामात सहा तालुक्यांतून अशा नोंदी जमा झाल्या, तर पुढच्या खरिपाच्या आधी ग्रामसभेत कोणत्या गावी पंप दुरुस्तीचा विषय घ्यावयाचा आणि कोणत्या गावी हातमोज्यांचा, हे त्या नोंदींवरूनच ठरविता येईल.